कोंबडीच्या डाव्या डोळ्याविषयी

ती. ताईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल. माझी तब्येत बरी आहे. फोनवर मी एवढंच म्हणतो, कारण मागे कोंबडी ओरडत असते आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

पत्र तिच्याबद्दलच आहे. तुमच्या बहिणीने अंड्याला बारीक खिडकी पाडून, आतल्या पिल्लाचा डोळा तयार होत असतानाच त्यात मूळ पेशी सोडल्या होत्या, ती ही कोंबडी. या जातीची पिल्लं आंधळीच जन्मतात. पेशी रुजल्या तर डाव्या डोळ्याने दिसेल, असा आमच्या हिचा अंदाज. आजारपणात प्रयोगशाळेत जाणं झेपेना तेव्हा हिने ती घरी आणली (मला न विचारता, विचारलं असतं तरी मी काय बोलणार होतो). ही गेली तोवर कोंबडी भिंतींवर आपटतच होती.

तेव्हापासून घरात मला जागा उरलेली नाही. भेटायला येणारे माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि लगेच कोंबडीपुढे बोटं नाचवतात. आतेभावाने तर चहा गार होईपर्यंत तिच्यापुढे टाळ्या वाजवल्या (बहिरी नाही, आंधळी आहे, हे सांगूनही). शेजारच्या काकूंना तिचा पहाटेचा आवाज भिंतीतून माझा वाटतो. परवा जिन्यात म्हणाल्या, "रडा हो, मोकळे व्हा. आम्ही नाही मनावर घेत." मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर घरमालकापर्यंत गेलं असतं.

त्यात हिचे प्रयोगशाळेतले सर दर गुरुवारी बॅटरी आणि दाणे घेऊन तिला दिसतं का ते तपासायला हजर. दिसायला लागलं की डोळा काढून त्याचे पातळ काप तपासायचे, त्याशिवाय पुरावा नाही म्हणतात. ही असती तर तिने स्वतःच्या हाताने ते केलं असतं आणि संध्याकाळी घरी येऊन व्यवस्थित जेवली असती. मला जमणार नाही. कारण ताई, तिला दिसतंय. हल्ली ती खुर्चीला वळसा घालून जाते. म्हणून सर यायच्या आधी मी तिला गळ्यापर्यंत खाऊ घालतो. मग त्यांनी डावीकडे टाकलेल्या दाण्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. सर उसासा टाकतात, मी खाली बघतो, भागतं.

बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. तुमच्याकडे मागे अंगण आहे. सर नाद सोडेपर्यंत तिला ठेवून घ्याल का?

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आतच सर आले. जाताना बूट घालता घालता म्हणाले, "बाईंचं काम फसलं हो शेवटी. तसं लिहून टाकतो." मी कधी कुणाला उलट बोललेलो नाही, तुम्हाला माहीत आहे. पण त्यांना दंडाला धरून परत आत आणलं. पोट भरलेली, दाण्याला हलेना. शेवटी पायजम्याची नाडी तिच्या डावीकडे लोंबती धरली. तिने झडप घालून ती पकडली आणि सोडेना.

सर जमिनीवरच बसले. "बाईंनी बघायला हवं होतं हे." मग डोळे पुसले, जमलं असं लिहितो म्हणाले आणि येत्या गुरुवारी तिला न्यायला येतो म्हणाले.

तेव्हा ठेवाल का, असं आता विचारत नाही. बुधवारी याच. टोपली जाळीची आणा. वाटेत तिला बघू दे.