समोर मी नसताना

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी स्वतःची बाजू फार चांगली मांडतो, म्हणून पत्र. भिंगरीला पुन्हा तिसरीतच बसवावं का, असं शाळेने विचारलंय. सुट्टी संपताना बाई एक चाचणी घेतील. जमलं तर चौथी, नाहीतर तोच वर्ग, तोच बाक, फक्त मैत्रिणी पुढे गेलेल्या.

तिसरीत मुलं काय काय शिकतात, तो कागद बाईंनी माझ्यापुढे सरकवला. हातच्याची वजाबाकी, दहापर्यंतचे पाढे, घड्याळातली वेळ, नकाशातल्या दिशा, उतारा वाचून उत्तरं लिहिणं. एवढंसं तर आहे, असं मनात आलं आणि लगेच लाज वाटली. आठ वर्षांच्या पोरीला ते एवढंसं नसतं. पण हे सगळं तिला येतं याची मला खात्री होती. हिची दवाखान्यात दुपारपाळी असते, त्यामुळे वर्षभर रोज संध्याकाळी मीच तिच्यासमोर बसून अभ्यास घेतलाय. माझ्यासमोर तिचं गणित कधी चुकलं नाही. हे मी बाईंना जरा तोऱ्यातच ऐकवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आज तिच्या मागे बसून बघा."

बसलो. बावन्नातून सदतीस. पेन्सिल कागदावर टेकली ती हलेचना. दोनदा तिने मान वळवली. मी म्हटलं, "अगं, वहीत बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" तर म्हणते, "बाबा, तू समोर ये ना. माझं चुकायला लागलं की तुझी भुवई वर जाते, मग मी खोडते." अगदी सहज सांगितलं. तिला वाटत होतं, सगळ्यांच्या घरी अभ्यास असाच होतो.

वीस वर्षं मी मुद्रितं तपासतोय. चूक छापली जाण्याआधी पकडायची, याचाच पगार घेतो. घरीही तेच करत राहिलो. त्या दिवशी रोजनिशीची मागची पानं चाळली. "आज एकही चूक नाही." "आजही नाही." किती समाधानाने लिहिलंय. हे कुणामुळे, असा प्रश्न एकाही पानावर नाही. आणि खरं सांगू? कळल्यानंतरही परवा पुन्हा समोर बसलो. चुकलेलं तसंच राहू द्यायचं ठरवून चेहरा दगडासारखा धरला. ती म्हणाली, "बाबा, श्वास घे." आणि खोडलं.

म्हणून लिहितोय. सुट्टीभर तिला तुझ्याकडे ठेवून घे. शिवणयंत्रावर बसलीस की तू कुणाकडे बघत नाहीस; तिथेच, तुझ्या पाठीशी तिला वही घेऊन बसव. चुकू दे. चुकलेलं पान उलटू दे. मी फोन करून काय चुकलं ते विचारीन, तेव्हा सांगू नकोस. पुढच्या शनिवारी तिला सोडायला येईन आणि दारातूनच परत फिरेन. चहालाही थांबवू नकोस. मी राहणार नाही, हे तिला अजून माहीत नाही. तिने आत्तापासूनच बॅग भरायला घेतलीय, त्यात माझेही दोन सदरे घातलेत. हे पत्र टाकून आलो की ते तिच्यासमोर बाहेर काढेन.

तुझाच,
धाकटा