मी लावलेली खिडकी

अहो,

त्या सकाळी मी पातेली घासत होते आणि तुम्ही खाटेवरून म्हणालात, "हळू घास गं, भोक पडेल!" तेच तुमचं शेवटचं हसणं. दुपारी कळा वाढल्या आणि तुम्ही ओरडलात, "देवा, मला का टाकलंस?" मी खिडकी लावली आणि तुम्हालाच दटावलं, "हळू! लोक काय म्हणतील?" तुम्ही गप्प झालात, ते कायमचे.

चर्चमध्ये साक्ष देताना मी सांगितलं, "ते प्रार्थना म्हणत शांतपणे गेले." पाळक अजून तुमचं उदाहरण देतात आणि मी मान खाली घालते.

तुमच्यामागे मी आपली आपणच वाचायला शिकले. शनिवारी बायबलच्या ओळींवर बोट ठेवत ठेवत वधस्तंभापाशी पोचले. प्रभूनंही मोठ्यानं ओरडून देवाला हेच विचारलं होतं. दरवर्षी गुड फ्रायडेला कानावरून गेलेलं ते वाक्य या वेळी तुमच्या आवाजात ऐकू आलं. तुम्ही एकटे नव्हतात हो. प्रभू तुमच्याच खाटेवर होता. तो आवाज पुन्हा एकदा यावा, मी खिडकी सताड उघडी ठेवीन.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये साक्षीला उभी राहिले आणि तुम्ही कसे ओरडलात, ते सगळ्यांना सांगितलं.

तुम्हाला गप्प करणारी,
तुमचीच