सहा उंदीर आणि माझा वास

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (हात दोनदा साबणाने धुऊन लिहितो आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं चालणं सुरू झालं, की बूट आणले तेव्हाच व्यायाम पुरा झाला? माझी प्रकृती उत्तम. हे लिहिताना जरा अडखळलो, कारण "उत्तम" कशावरून ठरवलं ते सांगता येईना, पण असो.

मी दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला आलो आहे. वीस वर्षं मी औषधं बशीतल्या पेशींवर थेंबथेंब टाकत आलो. पेशी गुणी असतात: पळत नाहीत, चावत नाहीत, आपल्याकडे रोखून बघत नाहीत. पण औषध शेवटी अख्ख्या शरीरात जायचं, आणि तिथे हृदय, पोट, भीती सगळी एकाच घरात नांदतात. म्हणून आता जिवंत, सबंध शरीरावर औषध पारखायला शिकायचं. शुक्रवारी परीक्षा. पास झालो तर कंपनीतला प्राणी-विभाग माझ्याकडे; नापास झालो तर मला "काका" म्हणणाऱ्या कनिष्ठाकडे, आणि मी पुन्हा बशीपाशी.

मला सहा पांढरे उंदीर मिळाले. तिघांना नाडी मंदावणारं औषध, तिघांना नुसतं मिठाचं पाणी. त्यांची नाडी शेजारच्या खोलीत पडद्यावर दिसते. मी औषध दिलं, आणि सहाच्या सहा जणांची नाडी साडेतीनशेवरून साडेचारशेवर. आधी औषधाला दोष दिला, मग यंत्राला, मग (स्वभावच तो) स्वतःला, आणि रोजनिशीत वेळा टिपल्या. मी आत गेलो की रेघ चढते, बाहेर आलो की उतरते. माझ्या जोडीच्या पशुवैद्य बाई आत गेल्या, तर उंदीर डुलकी काढतात. ही टिपणं घेऊन शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचली.

"औषध ठीक आहे हो. त्यांना तुमचा वास येतोय."

त्या दिवशी मी तीनदा अंघोळ केली. मग त्यांनीच समजावलं, की प्रश्न स्वच्छतेचा नाही. उंदीर पुरुषाच्या वासालाच बिचकतात. बाईमाणसाने वापरलेलं, न धुतलेलं कापड पिंजऱ्यांजवळ ठेवलं तर निवळतात. कापडाची सोय ज्याने त्याने आपली आपण करायची. मी विचारलं, मग गुण औषधाचा की कापडाचा? त्या म्हणाल्या, कापड सहाही जणांना, औषध तिघांनाच, यात लबाडी कुठे आली? पटलं. पशुवैद्य बाईंकडेच मागावं म्हणून ते वाक्य मी आरशासमोर सात प्रकारे म्हणून पाहिलं. एकही प्रकार सभ्य निघाला नाही.

बाकी क्षेम. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हिला कळवलं होतं. हिने शाल पाठवली: धुऊन, इस्त्री करून, वर सेंट मारून. (म्हणे, मळकं कापड परगावी पाठवायला मी काय वेडी आहे?) उंदीर शिंकले.

ता. क. २. म्हणून विचारतो, दोन दिवस अंगात घातलेला तुझा एखादा स्वेटर गुरुवारपर्यंत पोचेल का? पिशवीचं तोंड घट्ट बांध, आणि भावोजींच्या कपड्यांपासून लांब ठेव. यात तुझ्यावर शेरा नाही. असलाच तर त्यांच्यावर आहे.

ता. क. ३. दोन पाठव. काल मॅडमनी सहज माझीही नाडी मोजली, एकशे अठरा निघाली. उंदरांना एकच पुरतो.