सल्ला न देणाऱ्यांची कमिटी

नोव्हाय, मिशिगन
ऑगस्टचा शेवटचा सोमवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या एकनाथचा साष्टांग नमस्कार (खरं तर खुर्चीत बसूनच घालतोय, कारण एकदा जमिनीवर गेलो की मला उठवायला घरात दुसरं कोणी नाही). तुझे गुडघे कसे आहेत, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस की नुसते शेजारणीला शिकवतेस, ते कळव. मी ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. तर गेल्या सात महिन्यांत एक गोष्ट सांगायला मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुझ्या गुडघ्यांवर बोलून ठेवून दिला. कागद मला मध्येच तोडत नाही, म्हणून लिहितो.

गोष्ट अशी, की माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून प्रतिमा नावाच्या बाई राहतात. वय चौसष्ट, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ देता देता त्यांनी मला सरळ विचारलं, की आपण लग्न करायचं का. (अक्का, बसली असशील तर बसूनच राहा.) मी म्हणालो, विचार करून सांगतो, आणि विचारच करत बसलो. चौतीस वर्षं गाड्यांचे ब्रेक टेस्ट करण्यात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की ती कुठे मोडेल हे आधी शोधायचं, ही खोड काही जात नाही. चँडलरहून चैत्राली म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम सो हॅपी फॉर यू." लेकीचं ठीक आहे. पण मालिनीचं स्थळ तू आणलंस, ती आधी तुझी मैत्रीण आणि मग माझी बायको. ती गेली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त तू रडलीस. तुला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, इथेच माझं घोडं पेंड खात होतं.

शेवटी प्रतिमा म्हणाल्या, तुमच्याच्यानं हे एकट्यानं ठरायचं नाही, चला क्वेकर लोकांकडे. हा ख्रिश्चनांमधलाच एक पंथ. ह्यांच्या बैठकीत पाद्री नाही, प्रवचन नाही, काही नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि ज्याला आतून अगदीच राहवणार नाही त्यानं उठून दोन शब्द बोलायचे. इथून तीन तासांवर, जंगलात तळ्याकाठी त्यांचं शिबिराचं केंद्र आहे. कधी मौनाचं शिबिर, कधी जोडीदार गमावलेल्यांचं, कधी पाव भाजायचं, असं बारमाही काहीतरी चालू असतं आणि प्रतिमा दर वर्षी तिथल्या भटारखान्यात मदतीला जातात. हे लोक स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात, म्हणजे मित्रमंडळच, हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं (महाराष्ट्र मंडळाचा मी दोनदा अध्यक्ष होतो, हे मी क्वचितच सांगतो). गप्प बसण्याचं वगैरे त्यांनी गाडीत सगळं नीट समजावलं होतं म्हणे. मी तेव्हा एक्झिट चुकू नये म्हणून पाट्या वाचत होतो.

शनिवारी सकाळी बैठक. चाळीसएक माणसं समोरासमोर बाकांवर बसलेली, स्टेज नाही, माईक नाही, समई तर नाहीच. दहा मिनिटं झाली, कोणी बोलेना. वीस झाली. मी ताडलं, की प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले असणार आणि आयोजकांचे हातपाय गळालेत. आपल्या मंडळात हे दर वर्षी होतं, आणि दर वर्षी कोणीतरी जबाबदार माणसानं उठून वेळ मारून न्यायची असते. प्रतिमा आत कणीक मळत होत्या, त्यामुळे माझी बाही ओढायला शेजारी कोणी नव्हतं. उठलो. सर्वांचं स्वागत केलं, उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, सकाळी लवकर येऊन बाक मांडणाऱ्या कार्यकर्त्यांचे, नावं माहीत नसतानाही, आभार मानले, आणि त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या मागितल्या. एकही टाळी पडली नाही. (थंड प्रेक्षक मी नोव्हायमध्येही पाहिलेत, मी खचत नाही.) बसलो. पुन्हा अर्धा तास सगळे गप्प, आणि मग एकदम उठून सगळ्यांनी हात मिळवायला सुरुवात केली. मी मोजले, अठरा जणांनी माझं अभिनंदन केलं.

आत जाऊन प्रतिमांना सांगितलं, की कार्यक्रम पडत होता, मी सावरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातला गोळा खाली ठेवला आणि इतक्या हसल्या, की शेवटी त्यांना पिठाच्या पोत्यावर बसावं लागलं. गप्प बसणं हाच कार्यक्रम होता, आणि बैठक संपली की ते लोक हात मिळवतातच, हे मला तेव्हा कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात लोइस नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीबाई आल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, की चाळीस वर्षं इथे बसतेय, पण बाक मांडणाऱ्यांचे आभार पहिल्यांदाच ऐकले.

दुपारी माझ्यासाठी कमिटी बसली. ह्यांच्यात एखाद्याचं ठरत नसेल तर चारपाच जण त्याच्यासोबत बसतात, त्याला 'क्लिअरनेस कमिटी' म्हणतात. नियम एकच. सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही असे, की ज्यांचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही. (अक्का, आपल्या घराण्याला हा नियम लावला तर लग्नकार्यात सुद्धा शुकशुकाट होईल.) मी अकरा स्लाइड्स करून नेल्या होत्या. आरोग्य विमा, दोन घरांपैकी कुठलं ठेवायचं, माझं घोरणं, त्यांची मांजर, सगळं. प्रोजेक्टर नव्हता, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन वाचून दाखवलं. कोणी चकार शब्द काढेना. मी काकुळतीला येऊन म्हणालो, अहो, काय करू ते सांगा. लोइस म्हणाल्या, आम्ही काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? आता हेच माहीत असतं तर मी तीन तास गाडी कशाला चालवली असती? मग एका दाढीवाल्यानं विचारलं, की प्रतिमा कितव्या स्लाइडवर आहेत. मी अकराही पुन्हा चाळल्या. मांजर दोन स्लाइड्सवर होती. प्रतिमा एकाही नाही.

मग लोइसनी विचारलं, की त्या सोबत असतात तेव्हा तुम्ही काय करता. मी म्हणालो, हसतो. आणि मला रडूच आलं, अक्का. मालिनी गेल्यापासून सहा वर्षं मी मोठ्यानं हसलो नव्हतो, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कोणी पाठीवरून हात फिरवला नाही, पाणी दिलं नाही, 'चालायचंच' म्हटलं नाही. चौघं नुसती माझ्याबरोबर बसून राहिली, आणि फार बरं वाटलं. शेवटचा प्रश्न होता, की हे सांगायची भीती कोणाची वाटते. मी म्हणालो, अक्काची. ह्या अक्का कोण, असं विचारलं, तेव्हा मी चाळीस मिनिटं बोललो (लोइसना आता तुला भेटायचंच आहे).

तिथून उठलो तो थेट भटारखान्यात गेलो आणि प्रतिमांना हो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, तो ट्रे जरा इकडे द्या. मी फार आनंदात आहे, अक्का. रागवायचं असेल तर पोटभर रागाव, पण अबोला धरू नकोस. तुझा अबोला मला झेपत नाही.

तुझाच,
एकनाथ

ता. क. गोड्या मसाल्याचं प्रमाण कळव. चाळीस जणांची आमटी करीन असं बोलून बसलोय.

ता. क. दुसरा. हे पत्र खरं तर एवढ्याच ओळींसाठी लिहिलं. लग्न सतरा ऑक्टोबरला, तिथेच तळ्याकाठी. भटजी नाहीत, सगळ्यांनी शांत बसायचं, आणि मग आलेल्या प्रत्येकानं साक्षीदार म्हणून एका मोठ्या कागदावर सही करायची. सगळ्यात वरची जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. तुझा व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत आहे. येशील का?

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. अक्का, नमस्कार. मी प्रतिमा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, आणि पाकीट उघडंच होतं. चैत्रालीनं तुम्हाला फेब्रुवारीतच सगळं सांगितलं आणि तेव्हापासून आपण दर गुरुवारी बोलतो, हे मी अजून फुटू दिलेलं नाही. तुम्ही जूनमध्येच तिकीट काढलंत, म्हणून तर मी सतरा तारीख सुचवली. त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. तुम्ही विमानतळावर समोर येईपर्यंत मी गप्पच राहीन. एकच गोष्ट राहिली. मालिनीताईंनी तुमच्याकडे ठेवलेली इरकल माझ्यासाठी आणताय म्हणालात, तेव्हा मला फोनवर बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते. लग्नात मी तीच नेसणार आहे.