नवी बॅटरी

प्रिय टेगन,

तुझं मार्चमधलं पत्र माझ्याजवळ आहे. आज ऑक्टोबरची अकरा तारीख. सात महिने मी उत्तर दिलं नाही, ते रागाने असं तू समजली असशील. मला तुझा राग कधीच आला नव्हता. पण रोमनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीचे कप घेऊन उभे होते आणि इरेना तुला म्हणाली, "तू भांडलीस म्हणून माझा मुलगा एकटा निघाला. तू बरोबर असतीस तर तो आज जिवंत असता." तेव्हा मी तिच्या शेजारीच होतो आणि काही बोललो नाही. तू कोटाची बटणंही न लावता बाहेर पडलीस. मी कपात बघत राहिलो. मुलगा गेलेल्या आईला कोणी अडवायचं, असं त्या वेळी मनात आलं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला बोलणं जमत नाही, हे तुला रोमनने सांगितलंच असेल.

पत्रात तू लिहिलंस की इरेना बोलली त्यात चुकीचं काही नव्हतं. जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला येणाऱ्या आमच्या नाताळच्या जेवणाला यायला तुला सुट्टी नव्हती, त्यावरून तुमचं वाजलं आणि तू त्याला "जायचं तर जा" म्हणालीस. हे वाक्य तू रोज ऐकतेस असं लिहिलंस. मला ते खोडून काढायचं होतं, पण कशाच्या जोरावर ते कळत नव्हतं. त्या खडीच्या रस्त्यावर गाडी का बंद पडली हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांच्या कागदावर एवढंच होतं की थंडीने बॅटरी उतरली होती. उणे चौतीस होतं, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही. तो गाडी सोडून चालत का निघाला हे सगळ्यांनी विचारलं. इथे पोरं चालायला लागली की त्यांना शिकवतात, गाडी अडकली तर गाडीतच बसायचं. त्याला लांबवर शेतघराचा दिवा दिसला असावा. अशा मोकळ्या रानात दिवा जवळ वाटतो. तो तिथवर पोचला नाही, वाटेतच गोठला.

एकतीस वर्षं मी गावात औषधाचं दुकान चालवतो. दुसऱ्याच्या हातात दिलेली गोळी कशाची आहे हे मला सांगता येतं. गाडीतलं मात्र पेट्रोल भरण्यापलीकडे फारसं काही कळत नसे. एप्रिलमध्ये शेजारच्या गावातल्या वाचनालयात एक कागद लावलेला दिसला. ज्यांनी कधी स्पॅनर धरलेला नाही त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी, शाळेच्या वर्कशॉपमध्ये, गाडीची साधी देखभाल शिकवणार होते. मी नाव घातलं. आपल्या गावात असता तर घातलं नसतं. इरेनाला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "आता कोणासाठी शिकतोस?" एवढंच म्हणाली. मी टोपी घेतली आणि निघालो.

शिकवायला वेल्डा फ्रीसन नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या, तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या. आम्ही आठ जण. पहिल्या दिवशी त्यांनी ऑइल बघायला शिकवलं. इंजिनातली ती लांब पट्टी ओढून काढायची, पुसायची, परत घालायची आणि मग वाचायची. "पहिल्यांदा ती थापा मारते," त्या म्हणाल्या, "पुसून दुसऱ्यांदा विचारा, मग खरं सांगते." दुसऱ्या शनिवारी मी ऑइलचा फिल्टर इतका आवळला की तो त्यांनाही निघेना. "अहो औषधवाले," त्या ओरडल्या, "पोरांनी उघडू नये म्हणून लावलेलं बाटलीचं झाकण नाहीये ते! हाताने फिरवा, टेकला की थोडासाच पुढे." माझ्या शेजारी डोरीन नावाची केस कापणारी बाई असायची. मी दवाखान्यातले पातळ हातमोजे घालून काम करत असे. ती म्हणाली, "काय हो, ऑइल बदलताय की गाडीचं बाळंतपण करताय?" सगळे हसले, मीही हसलो. तीन महिन्यांनी हसलो होतो. घरी परतताना त्याचीच लाज वाटत राहिली.

आपल्या मुलाबद्दल मी तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. पहिले तीन शनिवार मी माझी गाडी नेली. चौथ्या शनिवारी रोमनची निळी गाडी बाहेर काढली. पोलिसांनी परत दिल्यापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मागच्या सीटवर घोंगडी, मेणबत्ती आणि पत्र्याचा डबा तसाच होता, गाडी बर्फात अडकली तर ऊब राहावी म्हणून हे सगळं मीच त्याला दरवर्षी भरून देत असे. मेणबत्ती पेटवलेली नव्हती. मी रात्रभर बॅटरी चार्जरला लावली आणि सकाळी चाळीस किलोमीटर गाडी चालवत नेली. मे महिना होता, ऊन होतं, हीटर लागत नव्हता. गाव दिसायला लागलं तेव्हा समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. मी तसाच पुढे गेलो.

गाडी रॅम्पवर चढवताना वेल्डाबाईंना तो दिवा दिसला. त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, बॉनेट उघडलं आणि मीटरच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. "या सगळे इकडे. फुकटचा धडा आहे," त्या म्हणाल्या. "आकडा बघा. बारा व्होल्टसुद्धा नाही. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवा. म्हणजे डायनामो वीज भरतच नाहीये, गाडी नुसती बॅटरी खाऊन चाललीये." मग त्यांनी बॅटरीवर हात फिरवला. "ही तर नवीकोरी आहे. कोणी घातली?"

मी घातली होती. नोव्हेंबरमध्ये तो एकटा दोन दिवसांसाठी आला होता तेव्हा. तो म्हणाला होता, "बाबा, हा लाल दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो. गॅरेजला दाखवायला हवी." दिव्यावर बॅटरीचं चित्र होतं. मी म्हटलं, गॅरेज कशाला, बॅटरी जुनी झाली असणार. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून नवी आणली आणि अंगणात, बर्फात उभं राहून, दहा नंबरच्या स्पॅनरने स्वतः बसवली. मुलाच्या गाडीसाठी मी आयुष्यात केलेलं ते पहिलं काम. रोमन खिशात हात घालून बघत होता. म्हणाला, "फोटो काढू का? आई विश्वास ठेवणार नाही." मी चावी फिरवली, दिवा विझलेला राहिला. आम्ही दोघंही खूश होऊन आत गेलो.

हे मी वेल्डाबाईंना सांगितलं नाही. "मीच घातली," एवढंच म्हणालो. त्या चिडल्या नाहीत, उलट माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही एकटे नाही हो. त्या दिव्यावर बॅटरीचं चित्र ज्याने काढलं ना, त्याला मला एकदा भेटायचंय. दर हिवाळ्यात चार जण तरी हेच करतात. डायनामोच्या आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेले असतात, कधी टेकतात, कधी नाही, म्हणून दिवा येतो-जातो. आणि यात वाईट काय माहितीये? जुनी बॅटरी असती तर गाडी दारातच हटून बसली असती. नवी असली की ती माणसाला लांब नेऊन सोडते." मी विचारलं, किती लांब. "हीटर, दिवे, काचेचा पंखा, सगळं चालू असेल तर तासभर. फार तर." डोरीन म्हणाली, "बघा, हौसेने आणलेली वस्तू!" ती वाईट बाई नाही. तिला काय माहीत.

रोमन त्या दिवशी दुपारी साडेतीनला शहरातून निघाला. गाडी शहरापासून एकाहत्तर किलोमीटरवर सापडली, जवळच्या रस्त्याने यायचं म्हणून तो हमरस्ता सोडून खडीच्या रस्त्याला लागला होता तिथे. मला हिशेब करायला फार वेळ लागला नाही. आणि मग तुझ्या पत्रातली ती ओळ आठवली, जी तू मला बरं वाटावं म्हणून लिहिली होतीस. त्याने पेट्रोल भरायला थांबल्यावर तुला फोन केला होता. भांडण मिटलं होतं. तो म्हणाला होता, "तो दिवा परत लागलाय, पण बाबांनी नवी बॅटरी घातलीये, पोचेन मी." "शेवटपर्यंत त्याचा तुमच्यावर विश्वास होता," असं तू खाली लिहिलं होतंस.

पुढच्या शनिवारी वेल्डाबाईंनी मला डायनामो बदलायला लावला. दोन बोल्ट, एक वायर आणि एक पट्टा. नवशिक्याला सव्वा तास लागला. आकडा चौदा पॉइंट दोन आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सव्वा तासाचं काम होतं, टेगन. त्या नोव्हेंबरात त्याला गॅरेजला जाऊ दिलं असतं तर एवढंच झालं असतं.

हे मला मे महिन्यात कळलं, आणि पत्र मी आता लिहितो आहे. मधले पाच महिने मी भित्रेपणाने घालवले. दोष तुझ्याकडे होता तोवर मला घरात वावरता येत होतं, इरेनाच्या समोर बसून जेवता येत होतं. आता सारखं वाटतं की तिकडे तू ते वाक्य रोज ऐकत असशील. जायचं तर जा, हे कोणीही म्हणतं. इरेना मला शंभरदा म्हणाली असेल आणि मी दरवेळी सुखरूप परत आलो, कारण माझी गाडी नीट होती. त्याची नव्हती, आणि ती नीट आहे असं त्याला मी सांगितलं होतं. तू बरोबर असतीस तर तूही त्याच रस्त्यावर असतीस. हे तुला लेखी कळावं म्हणून हे पत्र. रविवारी इरेनाला सांगितलं. ती बटाट्याचं सारण भरून वरेनिकी दुमडत होती. मी बोलत असताना ती एकेकाच्या कडा दाबत राहिली, परात भरेपर्यंत, आणि वर बघितलं नाही. आज सकाळी दुकानात निघताना तिने मागून विचारलं, "त्या पोरीला कळवलंस?" मी नाही म्हणालो. "मग लिही," ती म्हणाली, "आणि पाकिटावर पत्ता मी घालते. माझं अक्षर बघून ती फोडणार नाही कदाचित. पण घालू दे मला." तेव्हा पाकीट बघून घाबरली असशील तर, आत मी आहे.

तुझाच,
ओरेस्ट दुचाक