तीन ताऱ्यांच्या खोलीतून वन्संना

वडीलधाऱ्या वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा कागदावरच वाकले असं समजा). तुमचा गुडघा काय म्हणतो? कुरकुरत असेल तर कुरकुरू द्या. घरात तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत त्या एकट्यातच आहे.

तुमचे भाऊ गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून लेकाकडे कायमचं राहायला जमतंय का ते बघायला मी शहरात आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निघायच्या आधी लेकाचा फोन आला. घराला रंग चाललाय, वासानं तुला खोकला सुटेल, तोवर हॉटेलात राहा. एक ताऱ्याचं, तीन ताऱ्यांचं, पाच ताऱ्यांचं, कुठलं हवं ते सांग. आता आपण पडलो गावच्या शाळेतल्या. आपल्याकडे पहिला नंबर म्हणजे सगळ्यांत वरचा (तुम्हाला अनुभव नाही, पण ऐकून तरी असाल). मी ठसक्यात सांगितलं, मला एकचंच दे, त्याच्या खालचं चालायचं नाही. लेक केवढा खूश झाला! आईला साधंच आवडतं, म्हणून बायकोला ओरडून सांगितलं त्यानं. ती मागून म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील? निदान तीनचं तरी बघा." म्हणजे माझे दोन तारे सूनबाईनं वाढवले. तिला नावं ठेवू नका.

हॉटेलात काउंटरवर एक टायवाला बाप्या असतो. त्याला विचारलं, हे तारे देतात कशाबद्दल? बिचाऱ्यानं समजावलं. एक तारा म्हणजे पलंग, धुतलेली चादर, गरम पाणी. तिसऱ्याला लिफ्ट आणि काउंटरला रात्रंदिवस जागा माणूस. पाचव्याला पोहायचा तलाव. हे तारे तपासायला येणारे साहेब देतात, आणि राहून गेलेली माणसं मोबाइलवर देतात ते वेगळे. खोली ठरवताना दोन्ही बघावेत. मी म्हटलं, "आणि जेवलीस का विचारणारं माणूस कितव्या ताऱ्याला मिळतं?" तो नुसता हसला. पण तेव्हापासून जाता-येता विचारतो, "आजी, जेवलात ना?" (हे त्याच्या कामात धरलेलं नसावं.)

सकाळी उठले, बिछाना आवरला, मोरी घासली, आरसासुद्धा पुसला. साफसफाईवाली आली ती कपाळाला हात लावून उभी. "आजी, सगळं तुम्हीच आवरलंत तर मला कशाला ठेवतील हो?" मग दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी मुद्दाम पसारा केला. पण पलंग दोघांचा, वन्सं. माझ्या बाजूची चादर चुरगळली. तुमच्या भावाच्या बाजूची काही हातानं चुरगळवेना. शेवटी तिथं माझी पिशवी निजवली (घोरत नाही, एवढाच फरक).

रविवारी लेक घरी जेवायला घेऊन गेला. घर झकास आहे. फिकट पिवळा रंग लावताहेत, छान दिसतोय. दोघांनी आग्रह करकरून वाढलं. संध्याकाळी हॉटेलात सोडायला आला तर लिफ्टपाशी माझा हात सोडेना. शाळेच्या दारात असाच उभा राहायचा. तेव्हा पाठ फिरवून मी निघायचे, आता तो निघाला. रंगाला अजून वेळ लागेल म्हणाला.

बाकी मजेत. काळजी करू नका (तुम्ही करतच नाही म्हणा).

तुमची,
तोंडाळ भावजय

ता. क. टायवाल्यानं मोबाइल पुढे करून तारे मागितले. पाचच्या पाच दिले. तुमच्या घरालाही दिले असते, पण तिथं तुम्ही असता, एक कापावा लागेल.

आणखी ता. क. कुणी विचारलं तर रंग पिवळाच सांगा. लेकाच्या भिंतीवरून हात फिरवून बघितला, जुनाच आहे. शिडी नाही, डबा नाही, वास नाही. तरी मी छान दिसतोय म्हटलं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. फार लाल झाले होते हो.

शेवटचा ता. क. तुमच्या मागच्या खोलीतली ती कुरकुरणारी खाट अजून आहे का? मला लिफ्ट नको, तलाव नको. रात्री खोकले तर पलीकडून शिव्या घालायला कुणी जागं असलं की पुरे. गुडघ्याला विचारून कळवा.