चार्ट सांगायची ड्युटी

९ एप्रिल २००७, सोमवार

चार्ट आज पुन्हा पांढरा झाला! बाजार उघडून अर्धा तासही नाही. भावेश वळ गावातल्या गोडाऊनवर, मी घरी कॉम्प्युटरसमोर, कानाला फोन. "ताई, वर हाय का खाली?" काय सांगू? म्हटलं, पांढरं हाय. ओरडला. जणू मीच पुसलं.

माझी ड्युटी एवढीच — धाकट्या भावाला चार्ट तोंडी सांगायचा. हिरवी कांडी म्हणजे भाव वर, लाल कांडी म्हणजे खाली, लांब, आखूड. तो म्हणेल तेव्हा बटण दाबायचं. शेअर माझ्या नावावर आहेत. जमीन गोडाऊनला गेली तेव्हा माझा हिस्सा आला, तो त्याने यात घातला. "तुझंच हाय ना ताई, मी फक्त बघतो." बघते मी. असो.

१० एप्रिल

भावेशने चार्टवर रेघा मारायला शिकवलं. या खालच्या टोकापासून त्या खालच्या टोकापर्यंत. मारल्या. छान दिसत होत्या. लाइट गेली, आली — रेघा गायब! कस्टमर केअरला फोन लावला. "मैडम, सेव नहीं होता, रोज बनाना पड़ेगा." रोज काढायला ती काय रांगोळी आहे?

१२ एप्रिल

शेजारचे कापडाचे लूम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसतं. भावेशला म्हटलं, बाजार लहान झाला. हसला नाही.

१३ एप्रिल

मी पाच मिनिटांचा चार्ट सांगत होते, तो दिवसाचा समजून ऐकत होता. सकाळभर! हे सॉफ्टवेअर मनाला येईल तेव्हा चार्टची मुदत बदलतं आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहितं. संध्याकाळी बायकोसमोर म्हणाला, "ताईला काय कळतंय यातलं!" विनिताने मला आधी वाढलं. ती बरी आहे. मला वाईट वाटलं. निदान इथे तरी लिहून ठेवते.

१६ एप्रिल

आज धीर करून विचारलं. धामणकर नाक्याच्या मागे नवीन बिल्डिंगमध्ये एक खोली-किचन आहे. शेअर विकले तर त्यात बसतं. भावेश जेवत होता. "एकटीला खोली कशाला? हितं काय कमी हाय? लोक म्हणतील, भावानं काढली." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, पुढच्या सोमवारी सगळं विकून दुसऱ्या गोडाऊनमध्ये घालायचं ठरलंय.

ठरलंय! कोणाचं?

नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून हॉलमध्ये झोपते. भावेश-विनिताचा टीव्ही बंद झाला की माझी रात्र सुरू. तक्रार नाही. पण एक दार हवं, आतून कडी लागेल असं.

१७ एप्रिल

सॉफ्टवेअर नवीन झालं म्हणे. म्हणजे रंग बदलले. वर जातं ते निळं, पडतं ते काळं. मी सवयीने हिरवं शोधत बसले. भावेश फोनवर, "बोल ना ताई, बोल!" म्हटलं, थांब, या सॉफ्टवेअरवाल्यांनी बारसं केलंय रंगांचं.

१८ एप्रिल

"विक ताई, विक!" बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलं आणि तिथेच बसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. पडदा गोठलेला. सुटला तोवर भाव चांगलाच चढला होता. ऑर्डर गेलीच नव्हती.

संध्याकाळी भावेश मित्राला सांगत होता, "मी थांबलो ना! आपण घाई करत न्हाय." मी भाकरी थापत होते. तीही थांबवली नाही.

१९ एप्रिल

भाजीला म्हणून गेले आणि खोली बघून आले. बिल्डरचा माणूस म्हणाला, "शनिवारपर्यंत थांबतो, नंतर दुसरी पार्टी हाय."

भावेश काय म्हणणार हे मला आता चार्ट बघूनच कळतं. तो म्हणायच्या आधी. हे त्याला कोण सांगणार?

२० एप्रिल

विकले. सगळे. माझ्या मनाने. "नक्की?" असं कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, मी होय दाबलं. चेकबुक माझ्या पर्समध्ये आहे.

मग भावेशचा फोन आला. "ताई, काय दिसतंय?"

म्हटलं, "तू घरी येऊन बघ. मी नाक्यावर चाललेय."